सहा ओट्या आणि एक नुसता नारळ

मी, श्रीपत सोमा साळवी, वय वर्षे चोपन्न, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी संस्कृतची मास्तरकी व अद्याप वार्ताहरकी, राहणार महाड, जिल्हा रायगड (तोंडात अजून कुलाबाच येते), आज रविवार दिनांक २९ जानेवारी १९८४ रोजी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो.

अशा कागदात ‘माझी प्रकृती ठणठणीत आहे’ असे लिहायची रीत आहे. ती मला पाळता येत नाही. घशात गाठ आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि मग माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितले. आवाज गेला आहे, पेजेशिवाय काही उतरत नाही. बुद्धी शाबूत आहे. ती वेळेवर वापरली नाही, हा वेगळा गुन्हा असून तो पुढे कलम पाचमध्ये येईल. हे लिहायला कोणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही. घाई मात्र आहे. येत्या ११ आणि १२ फेब्रुवारीला माझ्या जागेत कबड्डीचे तिकिटाचे सामने आहेत. मध्ये तेरा दिवस उरले.

कलम एक. माझे राहते घर माझा पुतण्या चांगू, नोकरी मुंबई, यास द्यावे. दरवर्षी मार्चात तो तळ्यावर माणसांबरोबर येतो आणि पाणी पिऊन झाले की माझ्याकडे जेवायला बसून नजरेने भिंती मोजतो. आता टेप लावून मोजायला हरकत नाही. अट एकच. सामन्यांच्या दोन दिवशी पुढची खोली बायकांच्या संघांना कपडे बदलायला उघडी ठेवावी. पुरुषांना शाळेची खोली मिळते, बायका आजवर मोरूशेठच्या वखारीत लाकडांच्या थप्पीआड बदलत आल्या. चांगू या सामन्यांना ‘तमाशा’ म्हणतो. अट मोडल्यास घर ज्याने ते भिंती मोजल्याशिवाय वापरले त्यास, म्हणजे माझ्या मांजरीस जावे. कायद्यात हे बसत नाही, मला माहीत आहे; पण चांगूला माहीत नाही.

कलम दोन. माझी संस्कृतची पुस्तके, कोशासह, शाळेला द्यावीत. मी शाळेत होतो तेव्हा शास्त्रीबुवांनी मला आत बसून ही भाषा शिकवली नाही. मी पडवीत उभा राहून खिडकीतून शिकलो. त्यामुळे माझे व्याकरण बरे आहे आणि गुडघे वाईट. पुढे आत बसायला मिळाले, तेव्हा नव्या श्रीमंताने घड्याळाची साखळी मिरवावी तशी मी ही भाषा मिरवली. पुस्तकांचा त्यात दोष नाही. ती कोणालाही वाचू द्यावीत, खिडकीबाहेरच्यांना आधी.

कलम तीन. माझी पत्नी कै. येसूबाई, सरकारी दवाखान्यातील दाई, हिच्या सोन्याच्या दोन बांगड्या माझी भाची मंजुळा हिला द्याव्यात. मंजुळा ही माझी मयत बहीण चंद्रभागा हिची मुलगी. तिचा नवरा जानू ट्रकवर क्लीनर होता. शहात्तर साली कशेडी घाटात ट्रक गेला, त्यात तोही गेला. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तुडीलला मजुरी करते आणि हंगामात कबड्डी खेळते. माझ्याशी पाच वर्षे कामापुरतेच बोलते. आजारी पडल्यापासून रोज सकाळी एस्टीने येऊन पेज ठेवते, भांडे नेते. काम तेवढेच आहे, म्हणून बोलणेही तेवढेच.

कलम चार. सायकल धोंडू रामजी उतेकर यास. धोंडू पोलादपूरकडचा, मैदानावर चुन्याची फक्की मारतो. त्याच्या रेघेइतके सरळ वाक्य मला वृत्तपत्रात तीस वर्षांत लिहिता आले नाही. माझ्या बातम्यांची कात्रणे कोणालाच देऊ नयेत. आम्हाला शब्दांवर नव्हे, इंचावर पैसे मिळत, हे लक्षात घेऊन ती वाचावीत, किंवा न वाचता चुलीत घालावीत.

कलम पाच. हे कलम मिळकतीचे नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

आमच्या सावित्रीकाठ क्रीडा मंडळाने एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या हंगामात पहिल्यांदा बायकांचे सामने तिकीट लावून घेतले. मंडळाचे अध्यक्ष मोरूशेठ, लाकडाची वखार. सेक्रेटरी मी. आमच्या माणसांतून त्या खुर्चीवर बसलेला मी पहिला. कबड्डी मला आवडायची ती एका कारणासाठी. ज्या गावात आमच्या सावलीने लोक आंघोळी करत, त्या गावात हा असा खेळ की शिवल्यावाचून गुणच मिळत नाही. तुडीलच्या संघात कुणब्यांच्या चार मुली होत्या, आमच्या तीन. कोण कोणाला धरते आहे याची वाडीत चर्चा व्हायची ती फक्त पकडीच्या ताकदीची.

तिकीट दोन रुपये, पुरुषांचा सामना आणि बायकांचा सामना मिळून एकच. पुरुष खेळाडूंना खुराकी प्रत्येकी वीस रुपये आणि जिंकणाऱ्या संघाला रोख पाचशे एक. बायकांना खुराकी सात रुपये आणि जिंकणाऱ्या संघाची ओटी भरायची. बाईच्या हातावर रोकड ठेवणे बरे दिसत नाही, असा मंडळात विचार झाला. कोणी केला हे इतिवृत्तात नाही. इतिवृत्त मी लिहीत असे, म्हणून नाही.

त्या वर्षी तुडीलच्या पोरी जिंकल्या. बावीस गुणांपैकी चौदा मंजुळाच्या चढाईचे. मोरूशेठच्या पत्नी सुंदराबाई ताट घेऊन ओट्या भरत आल्या. सहा झाल्या. सातवी मंजुळा. ताट थांबले.

“अहो,” सुंदराबाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या, “हिची कशी भरू?”

मोरूशेठपुढे मायक्रोफोन होता. ते मोठ्याने म्हणाले, “हा प्रश्न आमच्या सेक्रेटरींना! साळवी गुरुजी, शास्त्र काय सांगतं?”

आमच्यात ओटी नाही. विधवा-सवाष्ण हा भेद आम्ही छप्पन्न साली धर्मासकट टाकला. समोर माझ्या बहिणीची मुलगी, अंगाला माती, कोपराला रक्त. मी एवढेच म्हणायला हवे होते की शास्त्राला मारा गोळी, हिला रोख द्या. पण मायक्रोफोन माझ्याकडे सरकला होता आणि हजारभर माणसे ऐकत होती. मी म्हणालो,

“शास्त्रात विधवेची ओटी नाही हे खरे. पण शास्त्रात बायकांची कबड्डीही नाही. अर्धे शास्त्र आपण मोडलेच आहे, उरलेले अर्धे सांभाळू या!”

मैदान हसले. टाळ्या पडल्या. सुंदराबाईंनी ताटातला नारळ उचलून मंजुळाच्या हातावर ठेवला. नुसता. खण नाही, तांदूळ नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नारळ माझ्या उंबऱ्यावर होता. येसूबाई तेव्हा होती. तिने तो उचलून माझ्यापुढे ठेवला. “मोठे पंडित झालात,” ती म्हणाली, “आता फोडा नि खा एकट्याने.” मी फोडला नाही. तो अजून फळीवर आहे. आतले पाणी केव्हाच आटले. हलवला की खडखडतो.

कलम सहा. हेही मिळकतीचे नाही. पुढच्या वर्षी तुडीलच्या संघाने अर्ज दिला. मंजुळाच्या अक्षरात, सातवीपर्यंतच्या. ‘आम्हाला ओटी नको. बाप्यांना देता तेवढेच द्या. तिकीट तुम्ही एकच लावता. सामन्याच्या दिवशी आमची मजुरी बुडते, त्यांच्या कंपनीत त्यांना भरपगारी रजा मिळते.’ खाली सात सह्या, त्यातल्या तीन अंगठे. अर्जात एक वाक्य जास्त नव्हते. मी इंचावर लिहिणारा माणूस, मला ते लगेच कळले.

शहात्तर साली सरकारने समान कामाला समान वेतनाचा कायदा केला होता आणि तो मंडळात सर्वांना माहीत होता, कारण त्याची बातमी मीच दिली होती. मोरूशेठ म्हणाले, “गुरुजी, असं काहीतरी लिहा की बायका दुखावणार नाहीत आणि पैसेही जाणार नाहीत.”

मी लिहिले. खेळ हे काम नव्हे, सबब वेतनाचा कायदा लागू नाही, असे लिहिले आणि आधाराला प्राचीन वचन दिले: ‘कर्मणो वेतनं देयं क्रीडायास्तु प्रशंसनम्’. कामाला पगार द्यावा, खेळाला शाबासकी.

हे वचन कोणत्याही ग्रंथात नाही. मी ते वखारीत बसून, चहा निवायच्या आत रचले. छंद शुद्ध आहे, बाकी सगळे अशुद्ध. मंडळाला ते इतके आवडले की बायकांच्या प्रशस्तिपत्रकावर वरच्या बाजूला छापले. दरवर्षी छापतात.

ब्याऐंशीत पोलादपूरच्या सामन्यात मंजुळाचा गुडघा गेला. त्याच हंगामात एका पुरुष खेळाडूचा खांदा निखळला, त्याचा सगळा खर्च मंडळाने केला. मंजुळाच्या अर्जावर ‘तरतूद नाही’ असा शेरा आहे. खाली सही माझी आहे. तेव्हापासून ती चढाईला जात नाही, कोपऱ्यात उभी राहून पकड करते. लंगडत्या पायाने तिची पकड सुटलेली मी पाहिली नाही. गेल्या वर्षी तुडीलच्या पोरींनी खेळायला नकार दिला. मंडळाने बाहेरचा संघ पाच रुपये खुराकीवर आणला. यंदाही तोच येतो आहे.

घशाची गाठ कळल्यावर मी मंडळाला तीन पत्रे लिहिली. उत्तर नाही. वृत्तपत्राला दीड कॉलम पाठवला. छापून आले ते दोन इंच: ‘महाड येथे कबड्डी सामने’. मग मोरूशेठ मोसंबी घेऊन भेटायला आले. त्यांना मी पाटीवर लिहून सांगितले की तो श्लोक खोटा आहे, मीच केला आहे. ते हसले. माणूस वाईट नाही, हसतो मनापासून.

“असेल हो गुरुजी,” ते म्हणाले, “पण छापून झालाय.”

कलम सात. नाते रस्त्यालगतची माझी बावीस गुंठे बिनशेती जागा, चारी बाजूंनी पुरुषभर उंच दगडी गडगा व एक फाटक यांसह. मंडळ ही जागा सामन्यांना फुकट वापरते. महाडात मैदाने पुष्कळ आहेत, पण गडगा फक्त याला आहे. गडगा नसेल तर लोक फुकट बघतात आणि तिकीट लावता येत नाही. मंडळाचा सगळा धंदा या गडग्यावर उभा आहे.

ही जागा माझ्या नावावर असली तरी माझ्या पैशांची नाही. येसूबाईने रात्री-बेरात्री लोकांच्या पोरांना जगात आणून जे मिळवले त्यातून एकसष्ट साली घेतली. गडगाही तिनेच घातला. खरेदीच्या वेळी कचेरीतला कारकून म्हणाला, “बाईच्या नावावर कशाला?” ती माझ्याकडे बघत राहिली. मी सही केली.

सबब ही जागा माझ्या मृत्यूनंतर मंजुळा जानू गमरे हिला मालकी हक्काने द्यावी. तिथे बायकांना पुरुषांइतकीच खुराकी, पुरुषांइतकेच रोख बक्षीस आणि जखमेचा तेवढाच खर्च दिल्याशिवाय कोणताही सामना होऊ नये.

हे जिवंतपणी का केले नाही, असे कोणी विचारील. मेलेल्या सेक्रेटरीला कोणी मंडळातून काढत नाही, एवढेच उत्तर माझ्याकडे आहे. ते पुरेसे नाही. डॉक्टरांनी मार्च सांगितला आहे. मार्च उपयोगाचा नाही. मी अकरा फेब्रुवारीच्या आत मरणे जरूर आहे, आणि तशी प्रार्थना करावी तर माझ्या धर्मात देवही ठेवलेला नाही. काल मी पेज घेतली नाही. आजही घेणार नाही. बाबा, येसू, मला दुसरा मार्ग दिसत नाही

पुरवणी. मंगळवार, दिनांक ३१ जानेवारी १९८४.

वरचे वाक्य अर्धे राहिले, कारण मंजुळा आली. कालची पेज तशीच पाहून ती तिथेच उभी राहिली. मग टेबलावरचा कागद उचलला आणि वाचला. सावकाश, ओळीखाली बोट धरून. मी हिसकावून घ्यायला उठलो तर दम लागला. पाच वर्षांत पहिल्यांदा ती कामाशिवाय बोलली.

“मामा, ह्यात लिवलंय तू मेल्यावर. तू कदी मरनार हायेस?”

मी पाटीवर लिहिले: मार्चात.

“आनि सामने?”

फेब्रुवारीत.

“मग हे कोनाच्या कामाचं हाय रे? पोरी रोज विचारतात, यंदा तरी काय ठरलं गो मंजुळे? त्यांना काय सांगू? मामा पेज टाकून लवकर मरतोय, जरा कळ काढा?”

मी लिहू लागलो. मोरूशेठ, मंडळ, आपल्या माणसांतला पहिला सेक्रेटरी, उद्या लोक म्हणतील की यांना खुर्ची दिली तर भाचीलाच... पाटी भरली. तिने ती अर्धीच वाचली आणि पदराने पुसली.

“माजा आजा तळ्यावर गेला तवा काय म्हनला होता? मेल्यावर पानी पिईन?”

माझे वडील सोमा सत्तावीस साली त्या गर्दीत होते. ओंजळभर पाणी प्यायले. त्याच दिवशी परतताना डोक्यात काठी बसली, ती खूण मरेपर्यंत होती. मी दोन वर्षांनी जन्मलो. ती खूण मला लहानपणी बोटाने चाचपायला आवडायची.

मी पेज घेतली.

काल सोमवारी धोंडूने मला सायकलच्या कॅरियरवर बसवून कचेरीत नेले. स्टँपाला पैसे कमी पडले म्हणून तिथेच सायकल विकली. धोंडू म्हणाला, “गुरुजी, सायकल तर माझी व्हायची होती ना मेल्यावर?” मी मान हलवली. “मंग माझीच इकली की,” तो म्हणाला आणि परत येताना मला पाठीवर घेऊन आला. सबब कलम चार रद्द.

बावीस गुंठ्यांचे बक्षीसपत्र मंजुळाच्या नावे काल नोंदले गेले. सबब कलम सातही रद्द. कचेरीत कारकुनाने विचारले, “बाईंचा धंदा?” आणि उत्तराची वाट न बघता ‘घरकाम’ लिहिले. मंजुळाने माझ्याकडे पाहिले, एकसष्ट साली येसूने पाहिले होते तसे. मी काही बोलायला तोंड उघडले, तर फक्त हवा बाहेर आली. सहा वर्षे मायक्रोफोन होता तेव्हा काय बोललो, ते वर लिहिलेच आहे.

आज सकाळी मोरूशेठ आले. “गुरुजी, ऐकतोय ते खरं?” मी बोटाने ओट्यावर बसलेल्या मंजुळाकडे दाखवले. मोरूशेठना बाईशी थेट व्यवहार करायची सवय नाही. ते माझ्याकडे तोंड करूनच तिच्याशी बोलू लागले.

“बाईंना सांगा, मंडळाला परवडत नाही.”

“शेट, मी हितं हाय,” मंजुळा म्हणाली. “तिकीट एकच हाय ना? मग खुराकी पन एकच. बक्षीस पन एकच. नाय परवडत तर गडग्याच्या भायेर खेळवा. लोकांना फुकट बघू द्या.”

“आणि बाहेरचा संघ येणार आहे त्याचं काय?”

“येऊ दे की! पाच रुपयावर आनलाय तुमी त्यांना. त्यांना पन वीस द्या. आमाला काय त्यांचं वाईट नाय.”

मोरूशेठनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “या वर्षापुरतं बघू.”

“लिवून द्या.”

“उद्या देतो.”

त्यांचा ‘उद्या’ मी सहा वर्षे इतिवृत्तात लिहिला आहे. तो किती लांब असतो ते मला माहीत आहे. म्हणून भीती गेलेली नाही. अकरा दिवस राहिले. फाटकाची किल्ली मात्र मंजुळाच्या कमरेला आहे, आणि धोंडूने सांगितले आहे की तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय फक्की मारणार नाही.

मोरूशेठ गेल्यावर मी पाटीवर काही लिहायला घेतले. तिने हात धरला. कोपऱ्यातल्या खेळाडूचा हात आहे, सुटत नाही.

“जागा घेतली मी. पन माफी मागू नको, मामा. ती माझ्याकडं नाय.”

मी पाटी खाली ठेवली.

कलम तीनमधल्या बांगड्याही तिने घेतल्या नाहीत. “संघाच्या पेटीत ठेव. कुनाचा गुडघा मोडला तर लागतील.” सबब त्या संघाची कप्तान आवडी हिच्या स्वाधीन कराव्यात, आणि जखमी खेळाडूच्या औषधपाण्यालाच लावाव्यात. तरतूद आहे.

नारळ. तो कोणाला देता येईल म्हणून मी पुष्कळ विचार केला. मोरूशेठना द्यावा असेही मनात आले. पण तो त्यांचा नाही, मंजुळाचा तर कधीच नव्हता. तो माझ्याबरोबर जाळावा.

मी ११ फेब्रुवारीपूर्वी गेलो तर सामने पुढे ढकलू नयेत. दोन मिनिटे शांतता पाळू नये, खेळाडूंचे अंग थंड पडते. माझ्याविषयी मायक्रोफोनवर कोणी बोलू नये. बोललाच तर त्या श्लोकाचा कर्ता कोण हे आधी सांगावे. जिवंत राहिलो तर मी फाटकावर दोन रुपयांचे तिकीट काढून आत जाईन आणि खाली मातीत बसेन.

या मृत्युपत्रावर मी समजून-उमजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. या कागदाने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे कायदा म्हणतो. सायकल गेल्यामुळे धोंडू त्यातून सुटला. मंजुळालाही आता या कागदाने काहीच मिळत नाही, म्हणून तिला विचारले. ती हो म्हणाली. साक्षीदारांची माहिती ज्याची त्याने आपल्या हाताने लिहावी म्हणून मी पेन पुढे केले आणि दुसरीकडे पाहिले.

मुक्काम महाड, दिनांक ३१ जानेवारी १९८४.

श्रीपत सोमा साळवी

साक्षीदार पहिला: धोंडू रामजी उतेकर, वय ४८, धंदा शेती व मैदानाची फक्की, राहणार पोलादपूर तालुका.

साक्षीदार दुसरी: मंजुळा जानू गमरे, वय ३१, राहणार तुडील. धंदा कबड्डी.